शुगर उतरल्यावरही इन्सुलिन चालू आणि वर ग्लुकोजची बाटली, असे का करतात?

प्रश्न – जुळेसोलापूरकर

नमस्कार. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला टाइप १ मधुमेह आहे आणि तो केगावला खोली घेऊन शिकतो. मागच्या महिन्यात त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, जेवण जाईना, आणि जेवणच नाही तर इन्सुलिन कशाला घ्यायचे, असा विचार करून त्याने दोन्ही प्रकारची इंजेक्शने थांबवली. पुढे पोटात इतके दुखू लागले की मित्रांना अपेंडिक्सची शंका आली. रुग्णालयात नेले तेव्हा तो धाप लागल्यासारखा खोल श्वास घेत होता आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता.

तपासण्यांत शुगर ५४०, रक्ताचा पीएच ७.०८, लघवीत कीटोन तीन प्लस आणि पोटॅशियम ३.१ आले. डॉक्टरांनी डायबेटिक कीटोअॅसिडोसिस असे निदान सांगितले. आता तो बरा होऊन घरी आला आहे आणि उपचार करणाऱ्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र अतिदक्षता विभागाबाहेर बसून आम्ही जे पाहिले, त्याची संगती अजून लागलेली नाही.

पहिली गोष्ट अशी की, शुगर ५४० असूनही सुरुवातीचे दोनेक तास केवळ सलाइन आणि पोटॅशियम दिले, इन्सुलिन दिलेच नाही. त्यावरून आमचे दाजी चांगलेच चिडले. दुसरी गोष्ट अशी की, रात्री शुगर २३० वर आली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि नेमकी तेव्हाच सिस्टरांनी ग्लुकोजची बाटली लावली व इन्सुलिनही चालूच ठेवले. साखर उतरवण्याचे औषध आणि साखर, दोन्ही एकाच हातात कशी, असे दाजींनी निवासी डॉक्टरांना विचारले. त्यांनी उत्तर दिले, पण ते घाईत होते. तिसरी गोष्ट म्हणजे भाच्याचे वजन ५० किलो असून त्याला तासाला ५ युनिट इन्सुलिन सुरू होते. त्या हिशेबाने दिवसाचे १२० युनिट होतात. एरवी त्याला दिवसभरात मिळून ३६ युनिट पुरतात. मग तेच शरीर त्या दिवशी इन्सुलिनला इतके कमी का जुमानत होते?

उपचाराचा सल्ला नको आहे. शरीरात नेमके काय घडते, हे कोणी नीट समजावून सांगितले तर आभारी राहीन.

उत्तर – मेडिसिनवाला

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक समज आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाची असते. या आजारात इन्सुलिन शुगर उतरवण्यासाठी देतात, असे सगळे धरून चालतात. शुगर उतरते हे खरे, परंतु आम्ही इन्सुलिन देतो ते मुख्यतः कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारी आम्लधर्मी द्रव्ये, तयार होणे बंद करण्यासाठी. हे एकदा ध्यानात आले की ग्लुकोजची बाटली विचित्र वाटत नाही.

इन्सुलिनची शरीरात अनेक कामे आहेत आणि प्रत्येक कामाला त्याची वेगवेगळी मात्रा लागते. चरबीच्या पेशींतून स्निग्धाम्ले बाहेर पडू न देणे हे सर्वांत थोड्या इन्सुलिनवर होणारे काम आहे. यकृताने साखर तयार करणे थांबवायला त्याहून थोडे जास्त इन्सुलिन लागते, आणि स्नायूंनी रक्तातली साखर आत ओढून घ्यायला त्याहूनही जास्त लागते. टाइप १ च्या रुग्णाने इंजेक्शन पूर्ण थांबवले की सर्वांत खालची पायरीसुद्धा सुटते. चरबी सुटी होऊन यकृताकडे लोटते. एरवी यकृत तिचा काही भाग पुन्हा चरबीच्या रूपात साठवते, पण इन्सुलिन नसताना आणि ग्लुकागॉन हे विरुद्ध संप्रेरक वाढलेले असताना ती सरळ पेशीतल्या मायटोकाँड्रियात जाते आणि तिथे तिचे कीटोन बनतात. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट व अॅसिटोअॅसिटेट हे त्यांतले दोन मुख्य. दोन्ही आम्ले आहेत. रक्तातले बायकार्बोनेट त्यांना उदासीन करता करता संपत जाते, पीएच उतरतो आणि शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकण्यासाठी खोल, वेगवान श्वास घेऊ लागते. तुमच्या भाच्याची धाप फुप्फुसाची नव्हती. तोंडाचा वास तिसऱ्या कीटोनचा, म्हणजे अॅसिटोनचा होता. पोटदुखीही बहुधा याच आम्लतेची, कारण आम्लता उतरली की ती आपोआप जाते.

आता ग्लुकोजच्या बाटलीकडे येतो. सलाइन आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर शुगर कीटोनच्या आधी उतरते. शुगर २५० च्या खाली यायला साधारण सहा तास लागतात, तर आम्लता निवळायला साधारण बारा. मधल्या काळात समोर दोनच मार्ग असतात. शुगर उतरली म्हणून इन्सुलिन बंद केले तर चरबीची दारे पुन्हा उघडतात आणि रुग्ण काही तासांत मूळ स्थितीला येतो. इन्सुलिन चालू ठेवून साखर दिली नाही तर शुगर घसरून ६०-७० वर जाते. म्हणून शुगर २०० ते २५० च्या दरम्यान आली की शिरेतून ग्लुकोज सुरू करतात, इन्सुलिनचा वेग साधारण निम्मा करतात आणि आम्लता जाईपर्यंत दोन्ही सोबत चालवतात. ती बाटली इन्सुलिन चालू ठेवता यावे म्हणून लावलेली असते. दाजींना एवढे सांगितले तरी पुरे.

इन्सुलिन उशिरा का दिले, याचे उत्तर तुम्ही लिहिलेल्या ३.१ या आकड्यात आहे. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि आपण मोजतो ते फक्त रक्तातले. घरच्या टाकीत पाणी किती आहे हे पाहून उजनी धरणात किती उरले ते कळत नाही, तसेच हे आहे. इन्सुलिनच्या अभावी पोटॅशियम पेशींतून रक्तात येते, तिथून लघवीवाटे आणि उलट्या-जुलाबांवाटे बाहेर जाते. अशा रुग्णात एकूण तूट किलोमागे ३ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते, म्हणजे ५० किलोच्या मुलात दीडशे ते अडीचशे. तरीही बहुतेक रुग्णांत पहिल्या तपासणीत रक्तातले पोटॅशियम नेहमीसारखे किंवा वाढलेले दिसते. तुमच्या भाच्याचे तेव्हाच कमी होते, याचा अर्थ आतला साठा फारच आटला होता. इन्सुलिन दिल्याबरोबर पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरते. ३.१ वरून ते २ च्या आसपास गेले असते तर हृदयाची लय बिघडणे, श्वासाचे स्नायू थकणे असे जिवावरचे प्रसंग ओढवले असते. म्हणून पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढायचे आणि मगच इन्सुलिन सुरू करायचे, असा नियम आम्ही शिकलो. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ही मर्यादा ३.५ केली आहे. ते दोन तास वाया गेलेले नाहीत.

त्या दोन तासांत शुगरही काही प्रमाणात उतरली असेल, तुमच्याकडे कागद असतील तर पाहा. नुसत्या सलाइननेही ती उतरते, कारण रक्ताभिसरण सुधारले की मूत्रपिंडे साखर बाहेर टाकू लागतात आणि ताणाची संप्रेरके ओसरू लागतात.

उत्तर – रात्रपाळी सिस्टर

डॉक्टरसाहेबांनी कारणे दिली आहेत. मी अतिदक्षता विभागात काम करते, म्हणून इन्सुलिन प्रत्यक्ष कसे जाते ते सांगते, कारण नातेवाईक बाहेरून पंप पाहतात आणि त्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नसते.

आमच्याकडे ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सलाइन भरून त्यात साध्या, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनचे ५० युनिट घालतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक युनिट होते आणि पंपावरचा आकडा तोच युनिटचा आकडा ठरतो. आपल्याकडे मिलिलिटरमागे ४० युनिटची बाटली सर्रास मिळते. ५० युनिट काढायला लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजने आधी पूर्ण ४० आणि नंतर १० असे दोनदा काढावे लागते. मिलिलिटरमागे १०० युनिटची बाटली हातात आली आणि सिरिंज मात्र ४० ची राहिली, तर अडीचपट इन्सुलिन जाईल. त्यामुळे दोघींनी बघून वहीत दोघींची सही करायची, अशी आमच्या विभागाची शिस्त आहे.

आणखी एक गोष्ट नवीन मुलींना मी मुद्दाम दाखवते. इन्सुलिन प्लॅस्टिकच्या नळीला आतून चिकटते. नळी नुसती जोडून पंप सुरू केला तर पहिला काही वेळ रुग्णाला सांगितल्यापेक्षा कमी इन्सुलिन मिळते आणि सगळे म्हणत बसतात की औषध लागू पडत नाही. म्हणून तयार द्रावणातले साधारण २० मिलिलिटर नळीतून वाहू देऊन टाकून द्यायचे आणि मगच नळी रुग्णाला जोडायची. इन्सुलिन ओतून देताना पाहून एकदा एका आजोबांनी मला महागाईवरून चांगलेच ऐकवले होते.

तसेच, इन्सुलिन पोटावर टोचून का देत नाहीत, शिरेतूनच का, असेही विचारले जाते. शरीर कोरडे पडलेले असते, हातपाय गार असतात, त्वचेखालचा रक्तप्रवाह मंदावलेला असतो. तिथे टोचलेले इन्सुलिन कधी शोषले जाईल याचा भरवसा नसतो आणि पाणी भरून आल्यावर ते एकदम रक्तात उतरू शकते. सौम्य आजारात त्वचेखालून दर एक-दोन तासांनी जलद इन्सुलिन देऊन उपचार होतात, पण ७.०८ पीएच असलेल्या मुलाला नाही.

उत्तर – रसायनाचा मास्तर

तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही. जीवरसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे.

कीटोअॅसिडोसिसमध्ये शरीर इन्सुलिनला खरोखरच कमी प्रतिसाद देते आणि त्याला एकापेक्षा अधिक कारणे आहेत. जंतुसंसर्ग, उलट्या आणि निर्जलीकरण यांमुळे अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन आणि वाढ-संप्रेरक ही चारही संप्रेरके चढलेली असतात, आणि चौघांचेही काम इन्सुलिनच्या विरुद्ध दिशेने चालते. रक्तात सुट्या स्निग्धाम्लांचा पूर आलेला असतो, त्यामुळे स्नायूंच्या पेशींत इन्सुलिनचा निरोप पुढे जाताना अडखळतो. आम्लतेमुळे इन्सुलिन पेशीवरच्या ग्राहकाशी (रिसेप्टरशी) नीट बांधले जात नाही आणि पेशीत साखर जाळणारी विकरेही (एन्झाइम) मंदावतात. रक्त घट्ट झाल्याने भर पडते ती वेगळीच. आपला भाचा एरवी ३६ युनिटांत भागवतो ते ही सगळी मंडळी शांत असताना. शिवाय १२० हा आकडा दिवसभराचा गुणाकार आहे. प्रत्यक्षात तासाला ५ युनिट काही तासच दिले गेले असतील आणि ग्लुकोज सुरू झाल्यावर ते निम्मे झाले असेल.

यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, हा विरोध कायमचा नसतो आणि तो ओसरतोही झपाट्याने. पाणी मिळाले, आम्लता उतरू लागली, संप्रेरके निवळली की तेच ५ युनिट आता पुष्कळ जास्त काम करू लागतात. म्हणून तासातासाला बोटाला सुई टोचतात.

या विरोधामुळेच जुन्या पिढीतल्या डॉक्टरांचा समज झाला होता की अशा रुग्णाला इन्सुलिन भरमसाट द्यावे लागते. टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिन प्रथम रुग्णाला दिले गेले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत कीटोअॅसिडोसिसला पहिल्या दिवसातच शेकडो युनिट देण्याची पद्धत रूढ झाली. १९७३ मध्ये ऑक्सफर्डच्या अल्बर्टी, हॉकडे व टर्नर यांनी स्नायूत तासाला थोडे थोडे इन्सुलिन देऊन रुग्ण तितकेच व्यवस्थित बरे होतात हे दाखवले, आणि १९७६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे कीताब्ची व सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या. मोठ्या मात्रेने रुग्ण लवकर बरा होत नव्हता. शुगर फार खाली जाणे आणि पोटॅशियम घसरणे हे मात्र जास्त होत होते. आज किलोमागे तासाला ०.१ युनिट देतात तेव्हा रक्तातले इन्सुलिन मिलिलिटरमागे साधारण १०० मायक्रोयुनिटपर्यंत पोहोचते. चरबीची दारे लावायला आणि यकृताला आवरायला ते पुरते. म्हणजे शरीर अडून बसलेले असले तरी ते सर्व कामांसाठी सारखे अडून बसलेले नसते. आपल्या भाच्याला मिळालेले ५ युनिट म्हणजे नेमका हाच ०.१ चा हिशेब आहे. दिसायला जास्त असलेला हा आकडा १९६० च्या सुमारास फारच तुटपुंजा ठरला असता.

प्रतिसाद – जुळेसोलापूरकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दाजींना हे सगळे वाचून दाखवणार आहे. एक शंका उरली. उपचार सुरू असताना लघवीची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या रात्रीपेक्षा गडद जांभळी आली होती आणि आमच्या ताईने त्यावरून रडून घेतले. डॉक्टर मात्र निश्चिंत होते. शिवाय सुटी द्यायच्या दिवशीही बायकार्बोनेट पूर्ण नेहमीसारखे नव्हते. मग कीटोन नक्की गेले होते का?

उत्तर – मेडिसिनवाला

लघवीची पट्टी अॅसिटोअॅसिटेट दाखवते. आजार भरात असताना रक्तात अधिक असते ते बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ते या पट्टीला दिसतच नाही. इन्सुलिनने काम सुरू केले की बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचे रूपांतर अॅसिटोअॅसिटेटमध्ये होऊ लागते, त्यामुळे रुग्ण सुधारत असताना पट्टी मात्र गडद होत जाते. ताईंना दिसले ते बहुधा हेच. म्हणूनच उपचार कसा चालला आहे हे लघवीच्या पट्टीवर ठरवत नाहीत. जिथे सोय आहे तिथे रक्तातले बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजतात. ते ३ मिलिमोलच्या वर असेल तर आजार नक्की समजावा आणि ०.६ च्या खाली आले की कीटोनचा प्रश्न मिटला. जिथे ही सोय नाही, आणि आपल्या जिल्ह्यात अनेक ठिकाणी ती नसते, तिथे पीएच, बायकार्बोनेट आणि अॅनायन गॅप (रक्तातल्या क्षारांच्या आकड्यांवरून काढलेला, न मोजलेल्या आम्लांचा अंदाज) यांवर भागते आणि नीट भागते.

बायकार्बोनेट मागे राहण्याचे कारण वेगळे आहे. कीटोन शरीरातच राहिले असते तर इन्सुलिन मिळाल्यावर त्यांचे पुन्हा बायकार्बोनेट झाले असते, पण त्यांतले बरेचसे लघवीवाटे निघून गेलेले असतात. त्यात साध्या सलाइनमधून क्लोराइड भरपूर जाते. दोन्ही मिळून शेवटी एक निराळीच, सौम्य आम्लता राहते. ती कीटोनची नसते, तिला वाढीव इन्सुलिन लागत नाही आणि मूत्रपिंडे ती एक-दोन दिवसांत निस्तरतात. अॅनायन गॅप नेहमीसारखा आला असेल तर काळजीचे कारण नव्हते.

कोणी विचारण्याआधीच लिहून ठेवतो, की आम्लता आहे म्हणून बायकार्बोनेटचे इंजेक्शन का देत नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न असतो. ते दिल्याने पोटॅशियम आणखी उतरते आणि कीटोन तयार होण्याच्या मुळावर काहीच घाव बसत नाही. पीएच ७.० च्या खाली गेल्याशिवाय आम्ही त्याचा विचार करत नाही.

प्रश्न – बार्शीकर

याच विषयाला जोडून विचारतो. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्यांची शुगर ८५० च्या वर गेली होती आणि त्या पूर्ण गुंगीत होत्या, पण कीटोन जवळजवळ नव्हते. त्यांनाही आधी भरपूर सलाइन दिले आणि इन्सुलिन फार जपून दिले. शुगर या मुलापेक्षा कितीतरी जास्त आणि इन्सुलिन मात्र कमी, हे कसे?

उत्तर – मेडिसिनवाला

या स्थितीला हायपरऑस्मोलर, म्हणजे साखरेने रक्त अतिघट्ट झालेली स्थिती, म्हणतात आणि ती बहुधा टाइप २ च्या वयस्कर रुग्णांत होते. वर मी इन्सुलिनच्या पायऱ्या सांगितल्या त्या इथे उपयोगी पडतात. सासूबाईंच्या शरीरात थोडे इन्सुलिन शिल्लक होते. चरबीची दारे लावून धरायला ते पुरले, म्हणून कीटोन झाले नाहीत, पण यकृताला आवरायला आणि स्नायूंना साखर ओढून घ्यायला लावायला ते पुरले नाही, म्हणून साखर वाढत राहिली. कीटोन नसल्याने उलट्या, धाप, पोटदुखी यांपैकी काहीच झाले नाही आणि घरच्यांना कळेपर्यंत बरेच दिवस गेले. तेवढे दिवस साखर लघवीवाटे पाणी ओढून नेत होती. अशा रुग्णात पाण्याची तूट किलोमागे १०० ते २०० मिलिलिटर असते. ६० किलोच्या बाईंत ती सहा ते बारा लिटर होते.

इथे धोका असा की, रक्तवाहिन्यांत जे थोडे पाणी धरून ठेवलेले असते ते त्या साखरेमुळेच. आधी इन्सुलिन देऊन साखर एकदम पेशींत ढकलली तर पाणीही तिच्या मागोमाग पेशींत जाते, रक्तदाब कोसळतो आणि रक्ताचा घट्टपणा झपाट्याने बदलल्याने मेंदूला सूज येण्याची भीती असते. म्हणून आधी पाणी, तेही हृदय आणि मूत्रपिंडे सोसतील अशा बेताने. इन्सुलिन कधी सुरू करायचे याबाबत मतभेद आहेत. ब्रिटिश पद्धतीत नुसत्या सलाइनने शुगर उतरायची थांबल्यावर किलोमागे तासाला ०.०५ युनिटने सुरू करतात, तर अमेरिकी पद्धतीत ते बरेच आधी येते. कीटोन नसतील तर मला स्वतःला ब्रिटिश पद्धत पटते, माझ्या काही सहकाऱ्यांना ती पटत नाही.

लहान मुलांत कीटोअॅसिडोसिसच्या उपचारातही मेंदूची सूज ही सर्वांत मोठी भीती असते. त्यामुळे मुलांना इन्सुलिनची एकदम मोठी मात्रा शिरेत देत नाहीत आणि सलाइन सुरू होऊन किमान एक तास झाल्यावरच इन्सुलिन लावतात.

उत्तर – अक्कलकोट रोड

माझी मुलगी टाइप १ आहे, म्हणून घरच्या बाजूने लिहितो. जेवत नसेल तर इन्सुलिन नको, हा समज इतका पसरला आहे की आमच्या नात्यातल्या एका फार्मासिस्टनेही तोच सांगितला होता. वर मास्तरांनी लिहिलेली संप्रेरके ताप-जुलाबांत चढलेली असतात, त्यामुळे पोटात अन्नाचा कण नसतानाही यकृत साखर ओतत राहते. जेवणापूर्वीचे इन्सुलिन डॉक्टरांना विचारून कमी करता येते, पण दिवसभर पुरणारे इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही, असे आम्हाला लिहून दिले आहे. आजारपणात दर चार तासांनी शुगर आणि सोबत कीटोन तपासायचे, हेही त्याच कागदावर आहे.

दुसरे, सोलापूरचा एप्रिल-मे. पारा ४० च्या वर असताना दुचाकीच्या डिकीत ठेवलेले इन्सुलिनचे पेन निकामी होते आणि बाहेरून काहीच कळत नाही. इन्सुलिन गढूळ होईलच असे नाही. मग रोजचे युनिट घेऊनही शुगर चढत जाते. आमच्याकडे वीज गेली की पेन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवतात. अकारण शुगर चढू लागली की पहिले पेन बाजूला ठेवून फ्रिजमधले नवीन काढतो.

उत्तर – मेडिसिनवाला

वरच्या उत्तराला एक जोड देतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या आता स्वस्त झाल्याने टाइप २ च्या पुष्कळ रुग्णांना चालू असतात. त्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यामुळे अशा रुग्णाला कीटोअॅसिडोसिस झाला तरी शुगर २०० च्या आसपासच दिसू शकते आणि ग्लुकोमीटर पाहून सगळे बेफिकीर राहतात. अशा रुग्णाला पहिल्यापासूनच इन्सुलिनसोबत ग्लुकोज द्यावे लागते. उलट्या, उपवास किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

प्रतिसाद – जुळेसोलापूरकर

शेवटचे विचारतो. दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने थोडी मुगाची खिचडी खाल्ली, तेव्हा पंप चालू असतानाच त्याला पोटावर लांब पल्ल्याचे इन्सुलिन टोचले. पंप लगेच का काढला नाही?

उत्तर – रात्रपाळी सिस्टर

शिरेतून दिलेले इन्सुलिन रक्तात काही मिनिटेच टिकते. पंप बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्याचा परिणाम जवळजवळ संपतो. लांब पल्ल्याचे इन्सुलिन पोटावर टोचल्यावर काम सुरू करायला एक-दोन तास तरी घेते. पंप आधी काढला तर मधल्या वेळेत मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ नसतेच, आणि टाइप १ च्या रुग्णात तेवढ्या अवधीतही कीटोन पुन्हा बनू लागतात. म्हणून आधी टोचायचे, एक ते दोन तास दोन्ही सोबत चालवायचे आणि मग पंप थांबवायचा. आमच्याकडे टोचल्याची वेळ आणि पंप काढायची वेळ चार्टवर शेजारी शेजारी लिहितात, म्हणजे पाळी बदलली तरी पुढची सिस्टर घाई करत नाही.